वर्गात घडले ते घरी कळावे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे ते साधारणपणे ठरलेले असते. निकाल किती टक्के लागला, मुलांनी अभ्यास कसा करावा, घरी वातावरण कसे ठेवावे. हे विषय महत्त्वाचे आहेत, पण ते आपण दरवर्षी ऐकता आणि माझ्यापेक्षा चांगले बोलणारे येथे बसलेले आहेत. मी आज वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. वर्गात भांडण झाले, कोणाला इजा झाली, कोणी मुलगा हाताबाहेर गेला, छताचा तुकडा पडला, तर ते पालकांना कळवावयाचे की नाही, कोणी कळवावयाचे, केव्हा आणि किती? हा विषय मला सुचला तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला थोडाफार अधिकार येईल.

सुमारे आठ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या शाळेत नोकरीला होतो. बी. एड. होऊन फार दिवस झाले नव्हते. माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. एके दिवशी चौथा तास मोकळा गेला. ज्यांचा तास होता ते रजेवर होते आणि बदली तास कोणाचा हे फळ्यावर लिहावयाचे राहून गेले. पंचेचाळीस मुलांचा वर्ग वीस मिनिटे शिक्षकाविना होता. त्या वीस मिनिटांत एका मुलाने कंपासपेटीतील कर्कटक उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकले. ते भुवईच्या खाली लागले. डोळा बोटभर अंतराने वाचला. शिपायाने मुलाला दवाखान्यात नेले, दोन टाके पडले.

मी घाबरलो होतो. मुख्याध्यापक अनुभवी होते, वाईट मुळीच नव्हते. ते म्हणाले, "उगीच गवगवा नको. मोकळा तास गेला हे बाहेर कळले तर वरपर्यंत जाईल. घरी चिठ्ठी द्या, पडून लागले म्हणून." मी तशी चिठ्ठी लिहिली. 'आपला पाल्य वर्गात पडल्याने त्यास किरकोळ दुखापत झाली असून औषधोपचार केला आहे.' खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपायच्या आत मुलाची आई आणि मामू दारात उभे. वडील कुवेतला. आईच्या हातात ती चिठ्ठी. आवाज न चढवता तिने विचारले, "सर, हे अक्षर तुमचंच ना?" मी हो म्हणालो. "माझा मुलगा खोटं बोलतोय, की ही चिठ्ठी?" वर्गात अनेक प्रश्न विचारणाऱ्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

पुढे जे झाले ते अधिक वाईट. मुलाने घरी खरे सांगितले होतेच. त्याच्या चुलत भावाने पट्टी बांधलेल्या चेहऱ्याचा फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शाळेची चिठ्ठी खोटी आहे हे एकदा कळल्यावर लोकांनी उरलेली जागा आपापल्या कल्पनेने भरली. कोणी म्हणाले, डोळा गेला. कोणी म्हणाले, फेकणारा अमक्या मोठ्या माणसाचा नातलग म्हणून शाळा लपवते आहे. वडिलांना कुवेतमध्ये रात्रीची पाळी करीत असता ही बातमी मिळाली, आणि तीही डोळा गेल्याचीच. जुम्याच्या नमाजनंतर दोन्ही घरची माणसे मशिदीबाहेर एकमेकांच्या अंगावर गेली. एका खोट्या ओळीतून इतके सगळे झाले.

आणि ज्याने कर्कटक फेकले त्या मुलाच्या घरी तर आम्ही काहीच कळविले नव्हते. त्याचे वडील मासळीच्या धंद्यातले, साधा माणूस. त्यांना हे बाजारात कळले. ते मला म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी स्वतः पोराला घेऊन त्यांच्या घरी गेलो असतो, माफी मागितली असती. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" नंतर आणखी एक गोष्ट समजली. हा मुलगा बोलताना अडखळत असे आणि कित्येक महिने वर्गातील काही मुले त्याची नक्कल करीत होती. ज्याला लागले तो त्यांतला एक. मी वर्गशिक्षक असून मला ते दिसले नव्हते. 'पडून लागले' या दोन शब्दांनी मी त्याचा अपराध झाकला, आणि त्याचे दुःखही त्याखाली झाकले गेले. दहा दिवसांनी त्याने दाखला नेला. पुढे तो कोणत्याही शाळेत गेला नाही, असे कळले.

म्हणून हा विषय.

शाळा का लपवते, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. शाळेला प्रवेशाची काळजी असते. शेजारच्या गावात इंग्रजी माध्यमाची शाळा निघालेली असते आणि एक अपघात बाहेर गेला की पुढच्या जूनमध्ये पटावर परिणाम होईल, अशी भीती वाटते. शिक्षकाला नोकरीची भीती. संस्थेला नावाची भीती. आपल्या वार्षिक अहवालात बक्षिसे मिळालेल्या मुलांची छायाचित्रे असतात आणि असावीत, परंतु वर्षभरात किती मुलांना शाळेत इजा झाली याची एक ओळ कोणत्याही शाळेच्या अहवालात मी आजवर वाचलेली नाही. यांत लबाडीपेक्षा संकोचच अधिक असतो. पण पालकाला फरक पडत नाही. त्याला कळले नाही ते नाहीच.

आता कायद्याचे थोडे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे ही तर आहेतच, पण त्यांतच असेही आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, प्रगती व मुलासंबंधीची इतर महत्त्वाची माहिती त्यांना द्यावी. या 'इतर महत्त्वाच्या माहिती'त मुलाच्या डोक्याला पडलेले टाके येत नसतील तर मग काय येते, असे मी विचारतो. याच कायद्यातील कलम १७ ने शाळेत मारणे व मानसिक छळ करणे या दोहोंना मनाई केली आहे.

आपल्यापैकी जाणकार मंडळी म्हणतील की आपली अल्पसंख्याक संस्था आहे, आणि अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. निकाल तसा आहे खरा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्याविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. तो वाद वकिलांनी पाहावा. परंतु आईला तिच्या मुलाला काय झाले हे सांगण्यासाठी कलम लागते काय? अल्पसंख्याक दर्जा आपण मिळविला तो आपल्या मुलांची काळजी आपण अधिक चांगली घेऊ म्हणून. त्याची ढाल करून त्यांच्याच आईबापांपासून लपणे हे काही बरे नव्हे.

एका बाबतीत मात्र कोणालाही सूट नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो प्रत्येक शाळेला, मदरशाला, शिकवणीवर्गाला आणि घरालाही लागू आहे. अशा अपराधाची माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असे कलम १९ सांगते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविले तर एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन लहान मुलींवर शाळेतीलच कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. २० ऑगस्ट रोजी लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतः होऊन दखल घेतली. त्या मुलींनी घरी सांगितले आणि घरच्यांनी ऐकले, म्हणून ते उघडकीस आले. अशा प्रसंगी 'आधी संस्थेत चर्चा करू, मग पाहू' याला जागा नाही. पालकांना कोठे जावे कळत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांनीही पाठ करावा.

सुदैवाने शाळेत रोज घडते ते एवढे भयंकर नसते, आणि रोजच्या गोष्टींतच तारतम्य लागते. गृहपाठ केला नाही, बाकावर नाव कोरले, शेजाऱ्याशी बोलला, यासाठी मी घरी फोन करीत नाही. ते माझे काम आहे. त्यासाठी मला पगार मिळतो. परंतु रक्त आले, डोक्याला मार लागला, मूल बेशुद्ध झाले, शाळेतून कोठे निघून गेले, कोणाजवळ चाकू सापडला, कोणी कोणाला धमकी दिली, तर शाळा सुटण्यापूर्वी घरी कळलेच पाहिजे. डोक्याच्या माराचे तर विशेष सांगतो. मूल त्या वेळी हसते-खेळते दिसते आणि रात्री उलट्या सुरू होतात. दुपारी मार लागला हे घरी माहीत नसेल तर आई म्हणते, काहीतरी बाधले असेल, आणि ओवा देऊन निजवते. अशा वेळी आमच्या न कळविण्याने मुलाचा जीव जाऊ शकतो.

कळविणाऱ्याने काय सांगावे? घडले तेवढे, आपल्याला माहीत आहे तेवढे. 'आज तिसऱ्या तासाला दोन मुलांत मारामारी झाली, त्यांत आपल्या मुलाच्या डाव्या हाताला लागले, दवाखान्यात दाखविले, हाड मोडलेले नाही असे डॉक्टर म्हणाले. भांडण कशावरून झाले हे अजून समजले नाही, उद्या दहा वाजता या, बोलू.' एवढे पुरे. जे समजलेले नाही ते समजलेले नाही असे सांगण्यात शाळेची अप्रतिष्ठा नाही. मारणाऱ्याच्या घरीही त्याच दिवशी आणि त्याच सभ्य शब्दांत कळवावे. वर्गातील इतर पालकांना घटना सांगावी, काय उपाय केला तेही सांगावे, पण मुलांची नावे सांगू नयेत. 'अमक्याचा मुलगा' ही ओळख गावात एकदा चिकटली की ती लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. आणखी एक. आपल्याकडे अनेक माताभगिनी उर्दू शिकलेल्या आहेत, कार्यालयीन मराठी त्यांना जड जाते. 'पाल्य', 'औषधोपचार' असले शब्द चिठ्ठीत कशाला? आणि शक्य तर चिठ्ठीच कशाला, फोन करावा.

कळविल्याने नुकसान होते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आपल्याच शाळेतील गेल्या जुलैची हकीकत सांगतो. सातवीच्या वर्गात पावसाने कुजलेली रीप तुटून चार-पाच कौले खाली आली. मधली सुट्टी होती म्हणून कोणाला लागले नाही. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी वर्ग बंद केला आणि सगळ्या पालकांना कळविले. त्या रात्री मला झोप लागली नाही, उद्या मोर्चा येणार असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी पालक आले, दोघे-तिघे रागावले, ते स्वाभाविकच. पण त्यांतच एक सुतारकाम करणारे चाचा होते. ते म्हणाले, "बाकीचे वासे कोणी पाहिलेत का?" रविवारी ते, एक गवंडी आणि आणखी काही पालक शिडी घेऊन आले. आणखी दोन वर्गांतील लाकूड पोखरलेले निघाले. आम्हां बी. ए., बी. एड. मंडळींना ते उभ्या जन्मात दिसले नसते.

तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातील सर्व शाळांना आगीपासूनच्या सुरक्षिततेबाबत आदेश दिले. झावळ्यांचे छप्पर काही रात्रीत उगवत नाही. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. बिहारमध्ये जुलै २०१३ मध्ये गंडामन गावी शाळेचे जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या अन्नात कीटकनाशक होते. जेवणाची चव वेगळी लागते, असे मुलांनी म्हटल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडे पोषण आहाराची खिचडी वाढण्यापूर्वी चाखून चवीच्या वहीत नोंद करावयाची असते. कोणत्याही पालकाने येऊन ती चाखावी. मी अगत्याने सांगतो, या. मीठ कमी असेल तर तेही सांगा.

आता पालकांविषयी थोडे कडू बोलतो, राग मानू नये.

शाळेने कळवावे असे आपण म्हणतो, पण घरूनही शाळेला कळत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलीला फिट आली. वर्ग घाबरला. कोणी कांदा आणायला धावले, कोणी चप्पल हुंगवू लागले, एकाने दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. हे सर्व चुकीचे आहे. रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांवर झटका चालला तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मला हे नंतर डॉक्टरांनी सांगितले. आईला मी विचारले तेव्हा ती रडत म्हणाली, "सर, तीन वर्षांपासून आहे. पण सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता, पुढं पोरीचं लग्न कसं होणार?" तिची भीती खोटी नव्हती, आपला समाज तसा आहे. पण त्या दिवशी ती मुलगी जिन्यात असती तर? मला एकट्याला सांगितले असते तरी पुरे होते. तिला खिडकीजवळून हलविले असते, गोळी घेतली का एवढे रोज विचारले असते. त्या मुलीचे औषध आता नियमित चालू आहे आणि ती छान शिकते आहे.

दुसरे अधिक कठीण आहे. मी एखाद्या मुलाला म्हणतो, "तुझ्या घरी सांगावे लागेल," आणि तो माझे पाय धरतो. "सर, काहीही करा, घरी नका सांगू." कारण घरी पट्टा निघतो. शाळेत मारायला बंदी आहे, हे बरोबरच आहे. परंतु फोन करून मी ते मारण्याचे काम घरावर सोपवितो की काय, असे मला कैकदा वाटते. वडील परदेशात असतील तर मामू मारतात, चाचा मारतात. एकदा असे झाले की पुढच्या वेळी तो मुलगा तोंड उघडत नाही, त्याला कोणी त्रास देत असेल तर तेही सांगत नाही. शाळेकडून फोन आल्यावर पहिल्यांदा मुलाला जेवू घाला, मग विचारा काय झाले. ज्या मुलाने कर्कटक फेकले त्याला असे कोणी विचारले असते, मीसुद्धा, तर वर्षभर चाललेली ती नक्कल बाहेर आली असती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मागे बसून ऐकता आहात म्हणून तुमच्यासाठी दोन वाक्ये. वर्गात कोणाला त्रास होत असेल तर तो सांगणे म्हणजे चुगली नव्हे. मला सांगता येत नसेल तर बाईंना सांगा, त्यांना नसेल तर घरी सांगा. आणि जखमेचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तो मुलगा तुमचा वर्गमित्र आहे.

आपल्या शाळेत या जूनपासून प्रत्येक वर्गासाठी एक घटना-नोंदवही ठेवली आहे. काय झाले, केव्हा झाले, घरी कोणाशी बोलणे झाले आणि किती वाजता, हे वर्गशिक्षक त्यात लिहितात. मोकळा तास गेला असेल तर तेही लिहावयाचे, असा आग्रह मी धरला आणि मुख्याध्यापकांनी तो मान्य केला. आपल्या मुलासंबंधीची नोंद आपण कार्यालयात येऊन केव्हाही पाहू शकता; दुसऱ्याच्या मुलाची दाखविली जाणार नाही. वही पूर्ण निर्दोष चालते असे नाही. काही वर्गांत पंधरा-पंधरा दिवस पाने कोरी असतात, आणि तेथे काहीच घडले नाही यावर माझा विश्वास नाही.

पण फोन करावयाचा तर क्रमांक हवा. हजेरीपटातील कितीतरी क्रमांक बंद आहेत, काही आखातातले आहेत, ते दिवसा लागत नाहीत. म्हणून चहाच्या टेबलाशेजारी फॉर्म ठेवले आहेत. त्यांत गावातच असणाऱ्या दोन माणसांचे चालू क्रमांक लिहावेत. दम्याचा, फिटचा, हृदयाचा काही आजार, कशाची ॲलर्जी असेल तर खालच्या रकान्यात लिहावे आणि घडी घालून वर्गशिक्षकाच्याच हाती द्यावे. उर्दूत लिहिले तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दहावीच्या मुली तेथे बसल्या आहेत, पण आजाराचा रकाना मात्र माझ्याजवळ येऊन सांगावा, मी लिहून घेईन. चहा होईपर्यंत मी तेथेच आहे.